कॅप्टन बॉयकॉटचे सलगम

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यातलं हे लॉख मास्क तळं. 1880 साली याच्या काठावर चार्ल्स बॉयकॉट राहायचा. नावापुढे कॅप्टन, काम मात्र दिवाणजीचं. जमीन लॉर्ड अर्नची, तो राहायचा लांब फर्मॅनात. इथल्या कुळांकडून खंड वसूल करायचा तो बॉयकॉटनं. कोंबडी आवारात शिरली तरी दंड लावतो, अशी कुळांची तक्रार होती.

आदल्या वर्षी पीक बुडालेलं. खंडात 25 टक्के सूट द्या, म्हणाली कुळं. मालक 10 वर अडला. सप्टेंबरात बेलीफ जमीन सोडण्याच्या नोटिसा बजावायला आला, तर बायकांनी चिखल नि शेण मारून त्याला पिटाळलं.

तीनच दिवस आधी एनिस गावातल्या सभेत कुळांचा पुढारी पार्नेलनं सांगितलं होतं: हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, त्याच्याशी बोलणं-चालणं सोडा. आपल्या भाषेत, वाळीत टाका. आपल्या गावक्यांनी हे हत्यार कुणाकुणावर चालवलं ते आठवलं की अवघडायला होतं. इथे ते दिवाणजीवर चाललं.

गडीमाणसं निघून गेली. लोहार काम करेना, धोबीण कपडे घेईना. सगळं राजीखुशीनं झालं असंही नाही. लोहाराला जिवे मारण्याच्या धमकीचं पत्र आलंय, असं बॉयकॉटनंच लंडनच्या टाइम्सला कळवलं.

शेतात बटाटे, सलगम तसेच पडून. अखेर नोव्हेंबरात कॅव्हन आणि मोनाहनहून पन्नास स्वयंसेवक काढणीला आले. त्यांच्या राखणीला सुमारे हजार शिपाई आणि पोलीस! पीक पाचेकशे पौंडांचं, बंदोबस्ताचा खर्च दहा हजारांच्या घरात. म्हणजे पाच रुपयांच्या मेथीला शंभर रुपयांची रिक्षा. एकेक सलगम सरकारला एका शिलिंगला पडला, असा टोला पार्नेलनं हाणला.

या प्रकाराला म्हणायचं काय? फादर जॉन ओ'मॅली या तिथल्या पाद्र्यानं अमेरिकी पत्रकार जेम्स रेडपाथला सुचवलं, याचंच नाव देऊन टाकू. पुढे पंचवीसेक वर्षांत परदेशी कापडाच्या निमित्तानं तो शब्द पुण्याच्या सभांमध्येही दुमदुमला.

27 नोव्हेंबरला बॉयकॉट कुटुंबानं घर सोडलं. भाड्याची घोडागाडी मिळाली, पण हाकायला गाडीवान मिळेना. शेवटी लष्कराच्या रुग्णवाहिकेत बसून, घोडेस्वारांच्या पहाऱ्यात, ते क्लेअरमॉरिस स्टेशनाकडे निघाले.