व्हॅनखाली शिरण्याआधी

(शालेय व्हॅनचालक आणि मालकांच्या कोकणातील एका मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सोमवारी सकाळी पावणेसातला तुम्हाला पहिलं मूल घ्यायचं असतं. शनिवारी दुपारी सायलेन्सर वाजायला लागतो, रविवारी गॅरेज बंद. मग रविवारी चहा घेऊन तुम्ही अंगणात पोतं अंथरता, गाडीतला जॅक काढता आणि खाली सरकता. हे करू नका, असं सांगायला मी आलेलो नाही. मोटार मेकॅनिकचं काम शिकणाऱ्या मुलांना शिकवण्यात माझा जन्म गेला. घरची कामं घरीच होतात, हे मला माहीत आहे. ती करताना जीव कसा राखायचा, एवढ्यावरच बोलणार आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. मी तेव्हा वीस-बावीस वर्षांचा होतो. मामांच्या ओम्नी व्हॅनच्या मागच्या कमानपाट्याचा, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, बोल्ट बदलायचा होता. जॅकनं गाडी उचलली, चाक काढलं, आणि ॲक्सलच्या नळीखाली जांभ्याचे दोन चिरे रचले. घराच्या भिंती ज्या चिऱ्यांवर उभ्या, त्यांच्यावर गाडी का नाही राहणार, हा विचार. मामी अंगण झाडत होती. काढलेलं चाक आणि स्टेपनी तिच्या वाटेत आडवी पडली होती. ‘हे आधी उचला’ म्हणाली, म्हणून मी दोन्ही एकावर एक ठेवून गाडीच्या कडेखाली सारली. मग आत शिरलो. बोल्ट गंजलेला. पाना लावून सगळा जोर देऊन ओढला, आणि वरचा चिरा भुगा होऊन बसला. गाडी तिरकी खाली आली आणि त्या दोन चाकांवर टेकली. शर्ट अडकला होता, छाती मोकळी होती. मामीला त्या दिवशी अंगण झाडायचं नसतं, तर आज मी इथं उभा नसतो.

जांभा भिंतीत चालतो, कारण तिथं भार सगळ्या चिऱ्यावर सारखा पसरलेला असतो आणि वर्षानुवर्षं हलत नाही. ॲक्सलची नळी गोल. ती चिऱ्याला एका रेघेत टेकते, आणि तुम्ही पाना ओढलात की त्या रेघेवर हिसका बसतो. जांभा सच्छिद्र दगड. पावसाचं पाणी प्यायलेला असेल तर आणखी मऊ. सिमेंटचे पोकळ ब्लॉक त्याहून वाईट, कारण ते आवाजही न करता फुटतात. विटांचं तेच. लाकूड निदान करकरतं, दबतं, इशारा देतं.

हाडं मोडतील, एवढीच भीती लोकांना असते. मरण बहुधा वेगळ्या वाटेनं येतं. छातीवर वजन आलं की बरगड्या वर उचलता येत नाहीत, म्हणजे श्वास आत घेता येत नाही, आणि श्वास नाही म्हणून हाकही मारता येत नाही. मेंदूला चार-पाच मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर इजा सुरू होते. माजघरातल्या माणसाला वाटतं, काम चाललंय, शांत आहे. म्हणून घरात कोणीच नसताना खाली जायचं नाही. कोणीतरी पडवीत बसलेलं हवं, आणि दर दोन मिनिटांनी त्यानं तुमच्याशी बोललं पाहिजे.

आता जमीन. घरच्या कामातला धोका सगळ्यात आधी जमिनीत असतो, आणि गॅरेजमधलं बघून शिकलेला माणूस नेमका तिथंच फसतो. गॅरेजात कोबा असतो. तुमच्याकडं मुरूम आहे, शहाबादी फरशी आहे, नाहीतर सोसायटीतले पेव्हर ब्लॉक. हिशेब करून बघा. ओम्नी साधारण ८०० किलोची. मागच्या बाजूला एका स्टँडवर, म्हणजे उचललेली गाडी पेलणाऱ्या लोखंडी टेकूवर, २०० किलो येतात असं धरू. स्टँडचे चार पाय, प्रत्येकाचा तळ १० चौरस सेंटिमीटर, म्हणजे सगळे मिळून ४०. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ५ किलो. मुरमात ते पाय रुतणार, आणि चारही सारखे रुतणार नाहीत. आता त्याच स्टँडखाली दोन इंच जाडीची, एक फूट लांब-रुंद फळी ठेवा. तळ झाला ९०० चौरस सेंटिमीटर, दाब पाव किलोच्याही खाली. तुम्ही दोन पायांवर उभे राहता तेव्हा जमिनीवर जवळपास तेवढाच दाब पडतो. एका फळीनं एवढा फरक पडतो. शहाबादी फरशीखाली पोकळी असेल तर ती एका टोकाशी तडकते, म्हणून फरशीवरही फळी ठेवा. आणि उतार असेल तर काम तिथं करूच नका. गाडी शेजाऱ्यांच्या सपाट अंगणात न्या, मागून घ्या. कोकणात सपाट जागा मिळणं अवघड, हे मला कळतं. तरीही.

हँडब्रेकचं एक गुपित बऱ्याच जुन्या चालकांनाही ठाऊक नसतं. ओम्नी आणि ईको या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या, आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना. तुम्ही म्हणता, गाडी गिअरमध्ये टाकली, कुठं जाणार? पण मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी दातेरी चक्रांची पेटी, ते चाक मोकळं फिरू देतं, आणि जमिनीवरचं चाक गिअर असूनही सरकू शकतं. उरतो एका चाकाचा हँडब्रेक, त्याची केबल कितपत ओढलेली आहे ते तुमचं तुम्हाला माहीत. दोन्ही मागची चाकं उचलली तर गिअर आणि हँडब्रेक दोन्ही असून नसल्यासारखे. गाडीला थांबवणारं मग एकच, पुढच्या चाकांच्या मागंपुढं लावलेल्या पाचरी. गोल दगड लावू नका, चाक त्यावर चढतं नाहीतर दगड निसटतो. लाकडाच्या तिरक्या कापलेल्या पाचरी सुताराकडून करून घ्या आणि सीटखाली कायमच्या ठेवा.

जॅककडं येऊ. गाडीबरोबर मिळणारा स्क्रू जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता असतो. बाटली जॅकमध्ये तेलाचा दाब आणि रबरी सील असतं. सील झिजलं किंवा झडपेत कचरा गेला की तो हळूहळू उतरतो, कधी एकदम. ट्रॉली जॅकची गोष्ट निराळी आणि घरी जास्त महत्त्वाची. त्याचा हात वर जाताना कमानीत फिरतो, म्हणून उचलताना जॅकनं स्वतः पुढं सरकलं पाहिजे. त्याची छोटी लोखंडी चाकं मुरमात रुतली किंवा पेव्हरच्या फटीत अडकली, तर जॅक जागेवर राहतो आणि त्याचं डोकं गाडीखाली घसरतं. याचा आवाज होतो, एक बारीक ‘कर्र’. तो ऐकू आला तर लगेच खाली घ्या आणि जॅकखाली प्लायवूडचा मोठा तुकडा घाला. जॅक कुठलाही असो, तो उचलण्यासाठी असतो. गाडी तोलून धरायला स्टँड लागतो.

स्टँडला काही गॅरेजात घोडी म्हणतात. ती जोडीनं घ्या, आणि शक्यतो आरपार पिन घालायची घ्या. दातेरी पट्टीची घोडीही चालते, पण दात आणि खिट्टी नीट बसलीय का, ते प्रत्येक वेळी बघावं लागतं. अमेरिकेत २०२० मध्ये एका विक्रेत्याला अशा १७ लाखांहून अधिक घोड्या परत मागवाव्या लागल्या, कारण काहींची खिट्टी दातात पूर्ण बसत नव्हती आणि भार हलला की घोडी बसू शकत होती. पिन आहे की नाही, हे डोळ्यांना दिसतं. मागं घोडी ॲक्सलच्या नळीखाली लावा. पुढं मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच, तीही स्क्रू-ड्रायव्हरनं ठोकून बघा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत खालचा पत्रा वरून रंगवलेला आणि आतून पोकळ असतो. मग जॅक सैल करून भार घोडीवर टाका. बाहेर उभे राहा आणि दोन्ही हातांनी गाडी जोरात ढकला. डुलली तर पुन्हा सुरुवात. ढकलताना पडायची असेल तर तेव्हाच पडू दे.

त्यानंतर चाकं, माझ्या त्या प्रसंगातल्यासारखी गाडीच्या कडेखाली आडवी सारायची. ओम्नीचा टायर साडेचौदा सेंटिमीटर रुंद, म्हणजे एक चाक आडवं टाकलं तर साधारण तेवढीच उंची मिळते. तुमची छाती बावीस-पंचवीस सेंटिमीटर जाड. एक स्टेपनी पुरत नाही, दोन चाकं एकावर एक हवीत. मापपट्टीनं मोजून ठेवा. जाता जाता सांगतो, हा ‘स्टेपनी’ शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथं जादा चाकं बनू लागली. तिकडं तो शब्द विसरला गेला, आपल्या प्रत्येक चालकाच्या तोंडी राहिला.

आता, खाली जायलाच हवं का? ओम्नी आणि ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. सीट उलटली की बरीच कामं वरून होतात. आणि जिथं खाली जावंच लागतं तिथं चाक काढायचं नसेल, तर मला जॅकपेक्षा रॅम्प शतपटीनं आवडतो. दोन इंची, दहा इंच रुंद फळ्या घ्या. खाली चार फुटांची, वर तीन, त्यावर दोन फुटांची, स्क्रूनं घट्ट जोडा, शेवटी चाक पुढं जाऊ नये म्हणून आडवी पट्टी ठोका. सहा इंच उंची मिळते. पुढची चाकं चढवली तर मागची दोन्ही जमिनीवर, म्हणजे गिअरही धरतो आणि हँडब्रेकही. पाचरी तरीही लावा. चढवताना एक माणूस बाजूला उभा राहून हाताच्या खुणा करू दे, समोर नको.

काहींनी घरी खड्डा खणलाय, एसटी डेपोत असतो तसा. बांधलेल्या भिंतींचा, अडीच फूट रुंद खड्डा चांगला. पण तुमच्या जुन्या ओम्नीला एलपीजी किट असेल तर ऐका. एलपीजी हवेपेक्षा जड, पेट्रोलची वाफही जड. गळती झाली तर ती खड्ड्याच्या तळाशी साचते, तुमच्या पायांशी, आणि एका ठिणगीची वाट बघते. सीएनजी हलका, तो वर जातो, पण बंद शेडच्या छताखाली कोंडतो. खड्ड्यात घरच्या विजेचा दिवा नेऊ नका, बॅटरीचा न्या. काम नसेल तेव्हा वर जाड फळ्या घाला, अंगणात मुलं खेळतात. इंजिन चालू ठेवून तर कुठंच खाली जायचं नाही.

मुलांवरून आठवलं. व्हॅन अंगणात उभी आहे म्हटल्यावर घरचं पोर आत चढणारच, व्हॅनला रोज मुलांची सवय आहे. सरकता दरवाजा धाडकन लावला की सगळी गाडी हलते. स्टिअरिंगवर बसलं तर गिअर काढेल. म्हणून खाली जाताना किल्ली तुमच्या खिशात, आणि सगळे दरवाजे कुलूपबंद. गंजलेले बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच आदल्या संध्याकाळी तेल टाकून भिजत ठेवा, चाकाचे नट उचलण्याआधी अर्धा फेरा सैल करा. त्या दिवशी मी एवढं केलं असतं तर तो हिसका बसलाच नसता. डोळ्यांवर चष्मा घाला, खाली झोपलं की गंज सरळ डोळ्यांत येतो.

आणि कुणी सापडलंच, तर ओढू नका. पडवीतल्या माणसाला आधीच शिकवून ठेवा: ११२ ला फोन, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि दुसरा जॅक कुठं आहे. शेजाऱ्यांनी हातानं उचलली तर उचलता उचलता खाली फळ्या, चाकं सारत राहायचं, म्हणजे हात सुटले तरी गाडी पुन्हा बसणार नाही. मग माणूस बाहेर काढायचा. हे एकदा रिकाम्या गाडीवर करून बघा, घरच्या बायकामुलांसकट.

मागच्या रांगेतून विचारलंत, पावसाळ्यात काय? जून ते सप्टेंबर उघड्या अंगणात गाडी उचलून खाली जाऊ नका. मुरूम सकाळी घट्ट असतो आणि तासाभराच्या सरीनंतर लोणी होतो, फळीसुद्धा त्यात तिरकी बसते. शेड असेल तर रॅम्पवर करा. नाहीतर त्या चार महिन्यांत गॅरेजचे पैसे द्या. शाळा सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात खालची सगळी कामं उरकून घ्या.

बाहेर एक ईको उभी करून ठेवलीय, आणि फळ्याही आणल्यात. ज्यांनी आपला जॅक बरोबर आणलाय त्यांनी तो घेऊन या, सील आणि झडप कशी तपासायची ते दाखवतो. ताई, तुमची गाडी एलपीजीची म्हणालात ना, तुम्ही पुढं या, किटची जोडणी आपण साबणाच्या पाण्यानं बघू.