पाऊण टक्का

(दृश्य : पांडवलेणी. ओल्या पायऱ्यांवरून चढणारी मुलं.)

निवेदन :
नाशिककराला पांडवलेणी वेगळी दाखवावी लागत नाहीत. मुंबई-आग्रा हायवेवरून जाता-येता डोंगर दिसतोच. शाळेची सहल इथंच येते आणि रविवारी सकाळचा व्यायामही इथंच होतो. पांडवांचा या लेण्यांशी संबंध नाही, ही बौद्ध भिक्खूंची वस्ती, हेही आता बरेच जण सांगतात. पण ओसरीतल्या भिंतीवर काय लिहिलंय, ते वाचायला कोण थांबतं? अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत. मुलं त्या भिंतीचा मोबाइलवर फोटो काढतात आणि डबे उघडतात.

(दृश्य : शाळेतला संगणक कक्ष. मॉनिटरवर तोच फोटो.)

दहा संगणक, त्यातले सात चालू. एकेका मॉनिटरपुढे तीन-तीन डोकी. माउस कुणाच्या हातात, यावर पहिली पाच मिनिटं जातात. तास सहावीच्या इतिहासाचा.

इतिहासाच्या तासाला संगणक म्हटलं की बहुतेक ठिकाणी पडदे ओढून व्हिडिओ लावला जातो. मुलं गप्प, शिक्षक निवांत. आम्हीही तेच चित्रित करायच्या तयारीने आलो होतो. इथं मात्र बाईंनी एक्सेल उघडायला सांगितलं.

समोर लेणं क्रमांक दहामधला लेख, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. दान देणारा उषवदात, म्हणजे क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई. त्यानं तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेव म्हणून दिले. हे पैसे भिक्खूंच्या हातात गेले नाहीत. नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ते ठेवले : एकीकडे २०००, दुसरीकडे १०००. मुद्दल कधीच मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. लेखात याला ‘अखयनिवि’ म्हटलंय. पहिल्या रकमेवर शेकडा एक व्याज, आणि त्यातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवराचे (वस्त्राचे) पैसे, प्रत्येकी ‘बारसक’.

‘बारसक’ म्हणजे किती, हे मुलांना सांगावं लागलं नाही.

रकाने भरले. दोन हजार, एक टक्का.

“बाई, वीसच येतात.”
“भिक्खू किती?”
“वीस.”
“मग एकेकाला?”
“एक... पण दगडावर बारा आहेत ना!”

बाई काही बोलल्या नाहीत. खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. कॅमेरा सुरू असताना शिक्षक गप्प राहिला की आमच्यासारख्यांना धडकी भरते, पण थांबलो. मागच्या रांगेतून एकजण ओरडला, “व्याज महिन्याचं असेल!” सगळ्यांनी गुणिले बारा केलं. २४० आले. भागिले वीस. बारा.

हा दर महिन्याचाच, असं अभ्यासकही मानतात. त्यांचाही हिशेब हाच.

(दृश्य : फोटोतली एक ओळ मोठी होत जाते.)

दुसऱ्या श्रेणीकडच्या हजारावरचा दर मुलांनी ‘पॉइंट सेव्हन फाइव्ह’ असा टाकला. बाईंनी फोटो मोठा केला आणि एकेका अक्षरावर माउस थांबवत वाचून घेतलं. पा. यू. न. ‘पायून पडिक सत’.

“पाऊण!”

घरातली आजी ‘पाऊण किलो’ म्हणते, तोच पाऊण. नातवंडं हल्ली तो शब्द वापरत नाहीत. पण आपल्याच डोंगराच्या दगडात तो कोरलेला. लेण्यात उभं राहून मान वर करून हे अक्षर दिसत नाही. पडद्यावर ते तळहाताएवढं झालं.

तासाची दहा मिनिटं उरली होती. त्यात नाशिक जिल्ह्यातल्याच जोगलटेंभीची नाणी उरकली. १९०६ साली सापडलेल्या त्या साठ्यात नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी होती, आणि त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा शिक्का बसलेला पाहून मुलं हसली. युद्ध कोण जिंकलं, हे मग वेगळं विचारावं लागलं नाही.

घंटा झाली तेव्हा एक मुलगी जागेवरच होती. तिच्या मामाचा येवल्यात माग आहे. ती विचारत होती, विणकरांनी दुसऱ्याचे एवढे पैसे ठेवून का घेतले असतील, व्याज तर त्यांनाच द्यावं लागत होतं. शेजारची म्हणाली, “बँक असेल.”

“नाही गं. मामाला रेशमाचे पैसे आधी मोजावे लागतात. पैठणी विकते नंतर.”

(दृश्य : पडदा काळा. मागाचा आवाज.)