भुलेश्वरचं पांजरपोळ

[दृश्य : भुलेश्वरची गल्ली, हातगाड्या, हारफुलांची दुकानं. कॅमेरा दारातून आत.]

बाहेर गर्दीचा गलका, आत शेणाचा आणि ओल्या चाऱ्याचा वास. दावणीला गाईच गाई. पण मुंबईतलं हे पांजरपोळ, म्हणजे निराधार जनावरांचा आसरा, उभं राहिलं ते कुत्र्यांपायी.

१८३२ चा जून महिना. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा हुकूम कंपनी सरकारचा होताच. त्या वर्षी त्याची मुदत वाढवली. कुत्र्यामागे ८ आणे बक्षीस. त्या पैशांसाठी मालकाच्या दारातली कुत्रीही मारली जाऊ लागली. पारशी समाजात तर ‘सगदीद’चा विधी, म्हणजे प्रेतावर कुत्र्याची नजर पडावी लागते. ६ जूनला, नेमक्या त्यांच्या पवित्र दिवशी, फोर्टात कुत्री मारणाऱ्या शिपायांना मार बसला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, आणि पलटणीची रसद अडली. सरकारनं दंगा मोडला. व्यापाऱ्यांनी अर्ज केला : मारू नका, आमच्या खर्चानं शहराबाहेर नेऊ.

न्यायची तर ठेवायची कुठं? खायला कोण घालणार? यातूनच १८ ऑक्टोबर १८३४ रोजी मुंबई पांजरपोळ सुरू झालं. पुढाकार जमशेटजी जीजीभाई या पारशी शेटजींचा आणि मोतीचंद अमीचंद या जैन शेटजींचा. पांजरपोळांचा खर्च चालायचा ‘लाग्या’वर : बाजारातल्या सौद्यामागे व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवलेली रक्कम. देणगी कधी येते, कधी नाही. जनावराला मात्र रोज चारा लागतो.

पुढं १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत निघाली, परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय झालं. रुग्णालय बरं करून घरी पाठवतं. पांजरपोळातलं जनावर भाकड, म्हातारं, लंगडं. त्याला परत नेणारं कुणी नसतं.

[दृश्य : गव्हाण. कुट्टी टाकणारे हात.]

साडेतीनशे किलोच्या गाईला दिवसाला साधारण १५ ते २० किलो हिरवा चारा आणि ५-६ किलो कडबा लागतो, पाणी ३० ते ५० लिटर. म्हातारीच्या दाढा झिजलेल्या असतात. अख्खा कडबा टाकला तर ती धाट चघळून तोंडातून टाकून देते, गव्हाण भरलेली आणि गाय उपाशी. म्हणून कुट्टी, म्हणजे कापलेला चारा, बारीक हवी, दोन-तीन सेंटिमीटरची.

सगळ्यात मोठा घात मात्र मायेनंच होतो. सणावाराला माणसं पुण्य म्हणून लाडू, गूळ, पोळ्या, भात भरवतात. पिठूळ, गोड खाणं पोटात झपाट्यानं आंबतं, आम्ल वाढतं, चारा पचवणारे जिवाणू मरतात. गाय रवंथ थांबवते, शेण पातळ होतं, पोट फुगतं. वाचली तरी पुढं खुरांना सूज येते आणि ती लंगडू लागते. एका माणसाची एक पोळी काही करत नाही. पण एकाच गाईपुढं सकाळपासून पन्नास माणसं येतात. गाईला घालायचंच असेल तर चाऱ्याची पेंढी घाला, किंवा चाऱ्याचे पैसे द्या.

रस्त्यावरून आलेल्या गाईचं दुखणं वेगळं. डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट जागेवर, हात दाबला की कणकेच्या गोळ्यासारखं घट्ट लागतं. ते प्लॅस्टिक. पिशव्या पोटाच्या पुढच्या कप्प्यात सरकत नाहीत, दोरीसारख्या गुंततात, आणि औषधानं निघत नाहीत. डावी कूस उघडून हातानंच काढाव्या लागतात. खंगलेल्या गाईला आधी सलाईन, नंतर शस्त्रक्रिया. घाई केली तर ती टेबलावरच जाते.

[दृश्य : रात्र. गोठ्यात एकच दिवा.]

बसलेली गाय उठेना, की खरी कसोटी. पाचशे किलोंपर्यंतचं ओझं एकाच मांडीवर पडतं, रक्त पोचत नाही, काही तासांत स्नायू मरायला लागतो. मग मूळ आजार उतरला तरी पाय उभा राहत नाही. खाली पेंढ्याचा जाड थर, आणि दर चार तासांनी कूस बदलायची : एकानं डोकं धरायचं, एकानं पुढचे पाय, दोघांनी कमरेला हात द्यायचा. रात्री दहाला, दोनला, सहाला.