फडातली रजोनिवृत्ती

(दृश्य: पहाटेचा अंधार, कोप्यांसमोर पेटलेल्या चुली, बैलगाड्या जुंपण्याची लगबग.)

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून लाखो माणसे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत त्यांचा संसार उसाच्या शेताजवळ, म्हणजे फडाजवळ, उभारलेल्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) चालतो. या कामात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती जोडप्याला, हिशेब होतो तोही जोडप्याचाच, आणि दोघांपैकी एकाने जरी एक दिवस काम बुडवले तरी ‘खाडा’ म्हणून ५०० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम त्यांच्या नावावर चढते.

(दृश्य: मोळी बांधणारे हात.)

तोडलेला ऊस गोळा करायचा, पाचट काढायचे, वाढ्यांचा (उसाच्या शेंड्याच्या पानांचा) पीळ देऊन मोळी आवळायची आणि ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचे, हे बाईचे रोजचे काम आहे. एका मोळीचे वजन ३० ते ४० किलो भरते. फडात शौचालय नसते, अंघोळीला आडोसा नसतो, आणि पाळीचे कापड धुऊन उन्हात वाळवण्याइतके पाणी आणि निवांतपणा तर मिळतच नाही. त्यामुळे ओटीपोटात दुखणे, अंगावरून पांढरे जाणे, पाळीत अति रक्तस्राव होणे या तक्रारी अंगावर काढल्या जातात. अखेर दवाखाना गाठला की अनेकींना एकच सल्ला मिळतो, तो पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाकण्याचा. ‘पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल’ ही भीती, मुलेबाळे झालेली आहेत हा हिशेब आणि दर महिन्याचा खाडा वाचेल ही आशा एकत्र आली की संमतीच्या कागदावर अंगठा उठतो. शस्त्रक्रियेचा खर्चही पुष्कळदा उचलीतूनच भागतो, म्हणजे तो फेडण्यासाठी पुन्हा फडातच यावे लागते.

या प्रश्नावर २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्याची पाहणी आली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे सुमारे १७ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण सुमारे ३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असली तरी एवढ्या तफावतीचा उलगडा त्यातून होत नाही. काही शस्त्रक्रिया खरोखर गरजेच्या असतात, हेही इथे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेल्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असा आदेश दिला.

शस्त्रक्रिया का झाली यावर पुष्कळ लिहिले गेले. ती झालेल्या बाईचे पुढे काय होते, याची विचारपूस मात्र फार थोड्यांनी केली आहे.

भारतीय स्त्रियांची पाळी साधारणपणे ४६-४७ व्या वर्षी जाते. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर शरीरातील इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक एकाएकी घटते आणि जो बदल एरवी काही वर्षांत हळूहळू होतो तो काही दिवसांतच येऊन कोसळतो. अंडाशये ठेवली तरीही नैसर्गिक वेळेच्या आधी रजोनिवृत्ती येण्याची शक्यता वाढते. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, सांधे आखडतात, चिडचिड होते आणि हाडे झिजू लागतात. तिशी-पस्तिशीतल्या बाईची हाडे अशी झिजू लागतात, तेव्हा तिच्या डोक्यावर तीच ३०-४० किलोंची मोळी असते आणि तिच्यापुढे कामाची आणखी पंधरा-वीस वर्षे असतात. पाठ धरली, चक्कर आली, उन्हात जीव घाबरा झाला, की खाडा पुन्हा पडतोच. ज्याच्या धास्तीने पिशवी काढली, तो चुकलेला नसतो.

शहरांतील काही कंपन्यांमध्ये रजोनिवृत्तीच्या काळात कर्मचारी स्त्रियांना कामाच्या वेळेत सवलत द्यावी, पंख्याजवळची जागा द्यावी, वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलता यावे, अशी चर्चा आता होऊ लागली आहे. ती व्हायलाच हवी. पण फडातल्या बाईने ही सवलत कुणाकडे मागायची? कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी फक्त टोळी आणतो. ऊस ज्याच्या गव्हाणीत पडतो त्या कारखान्यानेच ही जबाबदारी घेतली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या स्त्रियांना आधार द्यायचा तर खाड्याचा दंड बंद करून आजारपणाची रजा उचलीच्या करारातच लिहिली गेली पाहिजे आणि कोयता धरताना बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या नावावर मांडली गेली पाहिजे. तळावर पाणी, सावली आणि शौचालय असणे ही तर सुरुवात झाली. ज्यांच्या अंगातून वाफा निघतात त्यांना दुपारच्या उन्हात फळी चढण्याऐवजी मोळ्या बांधण्याचे काम देता येते, आणि टोळीतल्या टोळीत ही अदलाबदल करणे मुकादमाला अवघड नाही.

(दृश्य: प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले दवाखान्याचे कागद.)

आपली अंडाशये काढली की ठेवली, हे अनेकींना माहीत नसते. पुढचे उपचार त्यावरच ठरतात. पन्नाशीच्या बऱ्याच आधी अंडाशये गेलेल्या स्त्रीला, दुसरा धोका नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक उपचार देण्याची शिफारस वैद्यकशास्त्र करते. म्हणून दवाखान्यातून घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर ही नोंद मराठीत आणि ठळक असली पाहिजे, आणि हंगामाला निघण्यापूर्वी व गावी परतल्यावर होणाऱ्या तपासणीत रक्तातील हिमोग्लोबिनबरोबर ‘पिशवी काढली का, केव्हा काढली, झोप लागते का, हाडे दुखतात का’ हेही प्रत्येकीला विचारून तिच्या आरोग्यपत्रिकेत लिहिले गेले पाहिजे.