कवटीच्या तळाशी, एका बारीक धमनीच्या मागावर

श्रोतेहो, नमस्कार.

ऐकता ऐकता एक करा. कानामागे जे टणक हाड हाताला लागतं, त्यावर बोट ठेवा. त्या बोटाखाली, हाडाच्या आतल्या बाजूला, जवळजवळ करंगळीएवढी रुंद शीर नागमोडी वळण घेत मानेकडे उतरते. मेंदूला पुरवलेलं रक्त तिथून हृदयाकडे परतत असतं. तिला धक्का न लावता पुढे गेलं, की कवटीच्या तळाच्या हाडात एक अरुंद बोळ लागतो. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. या बोळातून चेहरा हलवणारी नस जाते, ऐकू येण्याची नस जाते, तोल सांभाळणाऱ्या दोन नसा जातात. आणि त्यांच्या अंगाला बिलगून दोऱ्यासारखी एक धमनी आतल्या कानाकडे जाते.

तोल सांभाळणाऱ्या नसेवर कधी कधी गाठ येते. ती कर्करोगाची नसते, बहुतेक वेळा वर्षानुवर्षं सावकाश वाढते. नातेवाईक मला विचारतात, ‘‘डॉक्टर, गाठ साधी आहे म्हणता, मग काढायला आठ-आठ तास कशाला?’’ प्रश्न अगदी रास्त आहे. गाठीला तेवढा वेळ लागत नाही, तिच्या शेजाऱ्यांना लागतो. ऐकण्याची नस आपण अखंड राखली, पण ती दोऱ्याएवढी धमनी बंद पडली, तरी कान कायमचा जातो. आतल्या कानाला रक्त पोचवणारी दुसरी वाट बहुधा नसतेच.

मी मेंदूचा सर्जन आहे. माझं निम्मं काम ऑपरेशन थिएटरमध्ये चालतं आणि निम्मं प्रयोगशाळेत. तिथे मी मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि कवटीच्या तळाच्या गाठी यांचा अभ्यास करतो. आज या अभ्यासाबद्दलच बोलणार आहे.

आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ वीस टक्के एकटा वापरतो. साठवण मात्र काहीच नाही. रक्त थांबलं, की काही मिनिटांत पेशी मरायला लागतात. हे सगळं रक्त चार धमन्या आणतात आणि त्या चारही कवटीच्या तळातल्या भोकांमधून वर येतात. आत आल्यावर त्या एकमेकींना जोडल्या जाऊन तळाशी एक कडं तयार होतं. थॉमस विलिस या इंग्रज वैद्यांनी 1664 साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. त्यांच्या ग्रंथातली चित्रं काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होते. पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल उभारणारे ते हेच.

विलिस यांनी एका मृत माणसाचं विच्छेदन केलं होतं. त्याची मानेतली एका बाजूची मोठी धमनी पूर्ण बंद होती, पण माणूस त्याने मेला नव्हता. तो पोटातल्या रोगाने गेला. त्याच बाजूची मागची धमनी नेहमीपेक्षा कितीतरी फुगलेली होती. एक वाट बंद झाली तर कड्यातून दुसरीकडून रक्त फिरतं, हे विलिस यांनी तिथेच ओळखलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी, एक्स-रे नाही, नुसते डोळे आणि विचार! मला आजही याचं अपार कौतुक वाटतं.

पण पुस्तकातल्या चित्रासारखं नीट, अखंड कडं जेमतेम निम्म्या लोकांत असतं. कित्येक अभ्यासांत तर त्याहूनही कमी. कुणात एक जोड केसासारखा बारीक, कुणात तो नाहीच. म्हणजे विलिस यांच्या त्या माणसाला ज्या कड्याने तारलं, ते दुसऱ्याला तारेलच असं नाही. म्हणून गाठीने मोठ्या धमनीला वेढा घातलेला असेल आणि ती धमनी बंद करावी लागण्याची शक्यता असेल, तर आम्ही आधी परीक्षा घेतो. मांडीतून एक बारीक नळी त्या धमनीपर्यंत नेतो आणि टोकाचा छोटा फुगा फुगवून रक्त अडवतो. रुग्ण पूर्ण जागा असतो. ‘‘हात वर करा, वीसपासून उलटे आकडे म्हणा,’’ असं साधारण अर्धा तास चालतं. जीभ अडखळली किंवा हात खाली आला, की फुगा लगेच सोडायचा.

अशा रुग्णासाठी मग रक्ताची नवी वाट तयार करता येते. गाझी याशारगिल या मेंदूच्या सर्जननी अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये डोनाघी यांच्या प्रयोगशाळेत मिलिमीटरभर जाडीच्या धमन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवायचं तंत्र शिकून घेतलं आणि ऑक्टोबर 1967 मध्ये झुरिचला माणसाच्या डोक्याच्या कातडीतली धमनी मेंदूच्या धमनीला जोडली. त्या शिवणीचा धागा केसाहून बारीक असतो. असा टाका घालताना मी श्वाससुद्धा हळू सोडतो.

आता मला एका रुग्णाबद्दल सांगायचं आहे. गणिताचे शिक्षक होते. डोळ्यामागे, कवटीच्या तळावर, मेंदूच्या आवरणातून वाढलेली गाठ होती आणि एका डोळ्याची नजर मंदावत चालली होती. ऑपरेशन चांगलं चाललं होतं. गाठीचा शेवटचा तुकडा सोडवताना एक करडा तंतू आडवा आला. मला तो गाठीचाच धागा वाटला. मी तो जाळून कापला. संध्याकाळी गुरुजी जागे झाले, नजर सुधारली होती, पण उजवा हात उचलला जाईना. एमआरआयवर घेवड्याच्या दाण्याएवढा डाग दिसला. हातापायांना हुकूम पोचवणारा तंतूंचा पट्टा जिथून जातो, नेमका तिथे. तो तंतू अँटीरिअर कोरॉइडल नावाच्या धमनीची फांदी होता. गाठीने त्याला चेपून सपाट केलं होतं, त्यात रक्ताचा लाल रंगही उरला नव्हता. मी ते ओळखायला हवं होतं.

याच धमनीची आणखी एक गोष्ट आहे. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये आयर्विंग कूपर हे सर्जन एका पार्किन्सनच्या रुग्णावर वेगळंच ऑपरेशन करायला निघाले होते. मध्येच ही धमनी फाटली. रक्त थांबवण्यासाठी त्यांनी ती क्लिप लावून बंद केली आणि ठरलेलं ऑपरेशन सोडून दिलं. रुग्ण जागा झाला तेव्हा त्याचा कंप गेला होता, ताठरपणा गेला होता, आणि लकवा मात्र झाला नव्हता! मग त्यांनी तो उपाय इतरांवर मुद्दाम करून पाहिला. काहींना गुण आला, काहींना पक्षाघात झाला, आणि तो मार्ग पुढे सोडावा लागला. एकच धमनी, एकच जागा. एकाला वरदान आणि दुसऱ्याला अपंगत्व, हे कसं? कारण मेंदूचा कुठला भाग ती एकटी पोसते आणि कुठल्या भागात तिला शेजारणीची मदत असते, हे माणसागणिक बदलतं.

गुरुजींच्या ऑपरेशननंतर मी याच फांद्यांच्या मागे लागलो. हे काम देहदात्यांच्या शिरांवर, म्हणजे मस्तकांवर, होतं. अमेरिकेत गेन्सव्हिल इथे आल्बर्ट ऱ्होटन यांनी याची जी पद्धत घालून दिली, ती शिकायला देशोदेशीचे सर्जन जात. आधी मानेतल्या सहा मोठ्या वाहिन्यांमध्ये नळ्या बसवून पाणी सोडायचं. दोन धमन्या पुढच्या, दोन मागच्या आणि दोन शिरा. गोठलेलं रक्त निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहायचं. मग धमन्यांत लाल आणि शिरांत निळं सिलिकॉन भरायचं. ते घट्ट झालं, की सूक्ष्मदर्शकाखाली हाड कोरायला सुरुवात. लाल रंग अगदी टोकाच्या फांदीपर्यंत चढलेला दिसला, की पहिल्यांदा पाहणारे विद्यार्थी बोलायचे थांबतात. ज्यांनी मरणानंतर आपलं शरीर आमच्या हाती सोपवलं, त्यांना नमस्कार केल्याशिवाय आमच्याकडे कुणी ड्रिल हातात घेत नाही. इतकं शिकवणारा गुरू दुसरा कुठला?

या अभ्यासातून थांबायचं कुठे हेही कळतं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका, म्हणजे पिट्युटरी, ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना रक्ताने भरलेले कप्पे असतात. त्या कप्प्यांच्या आतून त्या-त्या बाजूची मेंदूची मुख्य धमनी जाते आणि डोळा फिरवणाऱ्या नसाही तिथूनच जातात. एके काळी तिथे हात घालायची कुणाची छाती नव्हती. 1965 मध्ये ड्वाइट पार्किन्सन नावाच्या सर्जननी तिथे थेट शिरायची वाट दाखवली, पुढे 1980च्या दशकात स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानाच्या विन्को डोलेंच यांनी ती रुंद केली. मग काही वर्षं तिथली गाठ मुळासकट काढण्याची चढाओढच लागली. गाठ जायची, पण डोळा फिरायचा नाही, जगच दुहेरी दिसायचं. आता आम्ही बहुधा बाहेरची गाठ काढतो, कप्प्यातली ठेवतो आणि गरज पडली तर तिच्यावर नेमका किरणोपचार देतो. घरच्यांना हे सांगणं सोपं नसतं. ‘‘थोडी गाठ मुद्दाम ठेवली आहे,’’ म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. मी तेव्हा कागदावर चित्र काढून बसतो, घाई करत नाही.

सध्या आमच्या वहीत प्रत्येक शिरासाठी दोन पानं आहेत, डाव्या आणि उजव्या बाजूसाठी एक-एक. त्या कोरॉइडल धमनीच्या फांद्या किती, कितव्या मिलिमीटरला फुटल्या, कुठे शिरल्या. परवा पाहिलेल्या एका शिरात डावीकडे ती धमनी भरदार होती, खोलवर पसरलेली. उजवीकडे अगदी आखूड, तिचा मुलूख शेजारच्या धमनीनेच सांभाळलेला. एकाच माणसाच्या दोन बाजू! विद्यार्थिनीने पुन्हा पुन्हा मोजलं, आकडे तेच आले.

पुढचं शिर कालपासून धुवायला लावलं आहे. निघताना पाहिलं, पाणी अजून गुलाबीच येतंय. आता जाऊन बघतो.

नमस्कार.