पायलटच्या लेखी परीक्षेला जाताना बॅगेत काय हवं

नमस्कार मंडळी. अमेरिकेत विमान शिकायला गेलेली आपली बरीच मुलं आत्ता प्रायव्हेट पायलटच्या लेखी परीक्षेच्या तयारीत असतील, काहींचे आईवडील इकडे पुण्या-नाशकात काळजी करत बसले असतील, त्या सगळ्यांसाठी आज बोलतोय. अभ्यासाचं नाही बोलत, तो इन्स्ट्रक्टर करून घेतायत. परीक्षेच्या दिवशी बॅगेत काय असायला हवं तेवढंच सांगतो, कारण मी स्वतः काउंटरवरून परत आलोय, आणि अभ्यास पक्का असताना असं परत फिरावं लागलं की फार जिव्हारी लागतं हो.

झालं काय, एफएए म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, त्यांच्या आयाक्रा नावाच्या साइटवर अकाउंट उघडून एफटीएन, म्हणजे आपला ओळख क्रमांक, घ्यावा लागतो, त्याशिवाय परीक्षा बुकच होत नाही. मी तिथे माझं नाव आणि आडनाव एवढंच टाकलं, आणि पासपोर्टवर आपल्या पद्धतीप्रमाणे मध्ये वडिलांचं नाव. काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही ताडून बघितलं, जुळेना, पासपोर्ट परत माझ्या हातात. नियमच तसा आहे, त्यांचं काही चुकलं नाही. नाव दुरुस्त करा, नवी तारीख घ्या, सगळं पहिल्यापासून. म्हणून हात जोडून सांगतो, पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यावर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, फॉर्ममध्ये भरा.

पासपोर्ट ओरिजिनलच न्यायचा, झेरॉक्स नाही, फोनमधला फोटो तर नाहीच. त्याच्याबरोबर दुसरं एक सरकारी ओळखपत्र ठेवा. फोटो, सही, जन्मतारीख आणि सध्याचा पत्ता, हे सगळं कागदांवर दिसायला लागतं आणि आपली मुलं अडकतात ती पत्त्यावर, कारण पासपोर्टवर गावाकडचं घर आणि राहतात चौघांत घेतलेल्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये. तेव्हा पत्त्याचा कुठला पुरावा चालेल ते बुकिंग करतानाच सेंटरला विचारून घ्या, आदल्या रात्री धावपळ नको.

दुसरा कागद म्हणजे एंडोर्समेंट. या विद्यार्थ्याची तयारी झालीये, परीक्षेला बसू द्या, असं इन्स्ट्रक्टरने सही करून दिलेलं, किंवा ग्राउंड स्कूलचं, म्हणजे थिअरीच्या वर्गाचं, सर्टिफिकेट. सही, तारीख, त्यांचा सर्टिफिकेट नंबर सगळं आहे ना ते त्यांच्यासमोरच वाचून घ्या, लाजू नका. एकदा नापास झालात तर परत बसायला नवीन एंडोर्समेंट लागते हेही लक्षात ठेवा.

आता सामान. ई-सिक्स-बी न्या, म्हणजे वेग, वेळ, इंधन, वारा यांचं गणित करायचा तो गोल फिरणारा हिशोबयंत्र, १९३० च्या दशकात फिलिप डाल्टन नावाच्या अमेरिकन नौदलाच्या माणसाने काढलेला. इलेक्ट्रॉनिक पण चालतो, पण मला विचाराल तर ज्याच्यावर हात बसलाय तोच न्या, परीक्षेसाठी म्हणून आदल्या आठवड्यात नवीन घेऊ नका, वाऱ्याचं गणित करताना बोटांना सवय लागते. प्लॉटर न्या, म्हणजे नकाशावर दिशा आणि अंतर मोजायची पट्टी, साधा कॅल्क्युलेटर न्या. मेमरी असलेला असेल तर ती पुसायला लावतात, आणि प्लॉटरवर पेन्सिलने काही लिहून ठेवलं असेल तर घरीच पुसा. एक भिंगही टाका बॅगेत, खरंच सांगतो, त्याला परवानगी आहे, आणि चार्टवरचे, म्हणजे उड्डाणाच्या नकाशावरचे, आकडे इतके बारीक असतात की टॉवरची उंची वाचता वाचता डोळे दुखतात.

चार्ट आणि आकृत्यांचं पुस्तक, कच्चं काम करायला कागद, पेन्सिल हे तिथेच मिळतं आणि जाताना तिथेच द्यायचं. फोन आत नाही, स्मार्टवॉचही नाही.

६० प्रश्न, पास व्हायला ७० टक्के, म्हणजे ४२ बरोबर. संपल्यावर रिझल्टचा कागद हातात देतात, तो जपा, २४ महिने चालतो. कुठल्या विषयातलं चुकलं त्याचे कोड त्यावर असतात, त्यामुळे पास झालात तरी तो घेऊन इन्स्ट्रक्टरकडे बसा, त्या विषयांची उजळणी झाली अशी सही त्यांना द्यावी लागते आणि चेकराइडला, म्हणजे शेवटच्या तोंडी आणि उड्डाणाच्या परीक्षेला, एक्झॅमिनर नेमकं त्यातलंच विचारतात. लॉगबुकच्या कव्हरमध्येच ठेवून द्या तो कागद, हॉस्टेलच्या ड्रॉवरमध्ये नको.