त्रेचाळीस सांगितलं की चौतीस का लिहिलं जातं?

श्रोतेहो, नमस्कार.

मुलाला 'त्रेचाळीस लिही' म्हटलं आणि त्यानं ३४ लिहिलं, तर फुली मारण्याआधी तो शब्द एकदा मोठ्यानं म्हणून बघा. आधी 'त्रे' ऐकू येतं, मग 'चाळीस'. मुलानं ऐकलं तसंच लिहिलंय. मराठीत आपण एकक आधी बोलतो, दशक नंतर. लिहिताना मात्र उलट. बरीच मुलं हे नकळत पचवतात. जी सावकाश शिकतात, ज्यांच्या लक्षात ऐकलेला शब्द पुरेसा वेळ टिकत नाही, ती इथे अडकतात. शंभर वेळा उजळणी लिहून घेतली तरी ती सुटत नाहीत.

आधी एक तपासून घ्या. सात मणी मोजायला द्या आणि मोजून झाल्यावर विचारा, 'किती?' मूल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण मणी, हे त्याला उमगलेलं नाही. अशा मुलाला दशक शिकवण्याची घाई नको. तोंड बोटाच्या पुढे पळत असेल, तर प्रत्येक मणी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत मोजू द्या.

ते जमलं की काड्या घ्या. दहा-दहांचे गठ्ठे मुलानंच बांधायचे. आयता गठ्ठा त्याच्यासाठी नुसती एक वस्तू असते, त्यात दहा आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही. शंका आली की गठ्ठा सोडून पुन्हा मोजू द्या; तो वेळ वाया जात नाही. आधी फक्त गठ्ठे: दहा, वीस, तीस, नव्वदपर्यंत. मग एकवीसपासून पुढचे. अकरा ते अठरा शेवटी घ्या, कारण 'बारा' या शब्दात 'दहा' कुठे ऐकूच येत नाही.

आता त्रेचाळीस. चार गठ्ठे डावीकडे, तीन सुट्या काड्या उजवीकडे. पहिला प्रश्न नेहमी 'गठ्ठे किती?' हाच. काही दिवस 'चाळीस आणि तीन, म्हणजे त्रेचाळीस' असं जोडीनं म्हणा. ४० चं रुंद कार्ड ठेवा आणि त्याच्या शून्यावर ३ चं अरुंद कार्ड बसवा. ४०३ लिहिणाऱ्या मुलालाही यानं नेमकं दिसतं. आधी उजवीकडचा आकडा लिहायची युक्ती मात्र शिकवू नका. 'एकशे त्रेचाळीस' आलं, की शतक, एकक, दशक असा क्रम ऐकू येतो आणि ती युक्ती तिथेच कोसळते.

एकोणतीसला मूल ३९ लिहितं, कारण 'तीस' स्पष्ट ऐकू येतं. तीन गठ्ठे ठेवा, एक सोडा, एक काडी काढून घ्या. 'एकोण' म्हणजे एक उणे, हे हातानं कळतं.

वाचनातही असंच. लिहायला सोपी म्हणून ग, म, भ, न ही अक्षरं एकत्र घेतात. पण आकारांत गोंधळणाऱ्या मुलासाठी म आणि भ शेजारी येणं हा सापळाच. म पक्का होऊ द्या, भ काही आठवड्यांनी आणा. घ-ध, प-ष, थ-य यांचंही तसंच. पहिली वेलांटी तर डोळ्यांना अक्षराआधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. 'दिन' वाचताना बोट आधी द वर ठेवायला लावा, मग वेलांटीवर. वेलांटी वेगळ्या रंगात काढा.

दहा कार्डांत आठ ओळखीची, दोनच नवी. चाळीस मिनिटांच्या एका बैठकीपेक्षा दहा मिनिटांच्या दोन बऱ्या. प्रश्न विचारल्यावर मनात सातपर्यंत मोजा, मगच मदत करा. आपण मध्येच बोललो की मुलाला विचार पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागतो. आणि या सगळ्याच्या आधी नजर आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचा घ धूसर दिसत असेल, तर तो ध वाचला जाणारच.